रेघेवर कापलेली फळी

उमरग्याचा किराणा दुकानदार बंडप्पा. त्याची बायको शांतम्मा हिला जन्मात कुणाच्या सोन्याचा हेवा वाटला नाही; वाटला तो थोरल्या जावेच्या माडीवरच्या फळ्यांचा.

वाटण्या झाल्या तेव्हा सागवानी फळ्यांची माडी मधोमध गेरूची रेघ ओढून दोघा भावांत वाटली. थोरल्या जावेकडं, गिरिजाबाईकडं, गुळगुळीत भाग गेला. शांतम्माच्या वाट्याला आला तो सासऱ्याच्या शेगडीनं जाळलेला, मधे सुपाएवढा खड्डा पडलेला. त्यामुळं श्रावणी सोमवारी घरचे गुरू जंगम अय्या पाय धुवून पूजा घ्यायला, पाद्यपूजेला आले की चौरंग दरसाल जावेच्याच बाजूला. गिरिजाबाई सहज म्हणायची, "तुझ्याकडं अय्यांचा चौरंग डुगडुगंल गं." ते 'गं' शांतम्माला वर्षभर टोचायचं.

त्रेचाळीस साली तिनं ठरवलं, यंदा अय्या आपल्याकडं. लढाईमुळं सागवान मिळत नव्हतं, अन् गावचा सुतार दौऱ्यावर आलेल्या सरकारी साहेबाच्या डेऱ्यावर वेठीला नेलेला. बंडप्पा म्हणाला, पुढल्या वर्षी बघू. शांतम्मानं करवत उसनी आणली. माहेरच्या पेटीचं झाकण मोडून जुनं, मुरलेलं सागवान काढलं. वाकडे खिळे पाट्यावर ठोकून सरळ केले. जळक्या दोन फळ्या उचकटायला गेली, तर त्या रेघ ओलांडून थेट जावेच्या भागात गेलेल्या. आख्ख्या काढल्या तर तिकडंही नवं लाकूड लागणार; माहेरचं लाकूड जावेला कोण देतं? तिनं बरोबर रेघेवरच करवत चालवली. नव्या फळ्या बसवल्या, खिळ्यांच्या भोकांत लाख भरली, जवसाचं तेल जिरवलं.

मग सहज रेघेपलीकडं पाय टेकला, तर जावेची फळी दबली. खालची तुळई रेघेखाली नव्हतीच. वीतभर अलीकडं, शांतम्माच्या बाजूला होती. सुतारानं तुळईवरच कापलं असतं. आता जावेच्या फळ्यांची टोकं अधांतरी होती. शांतम्मानं कुणाला न सांगता करवत परत देऊन टाकली. मनात म्हणाली, डुगडुगू दे आता तिच्याकडं.

सोमवारी गिरिजाबाई नव्या फळ्या बघून गेली. शांतम्मानं अय्यांसाठी मांडलेला पाट तिला दिसला, तसा तिनं मुद्दाम शांतम्माच्या नाकासमोर स्वतःचा चौरंग रेघेला खेटून ठेवला. ऐन त्या टोकांवर. अय्या सत्तरीचे, अंगानं भारी. शांतम्मा लगबगीनं जावेकडं वळली.

"अक्का, चौरंग मागं घ्या. तिथं खाली आधार न्हाय. मी कापताना चुकले."

"व्हय का? आता म्हणतीस मागं घ्या. मग म्हणशील, माझ्याकडंच आणा."

"शपथ घेऊ का?"

"जळणारीच्या शपथेला काय किंमत, शांते?"

शब्द खोटा नव्हता, म्हणूनच लागला. तेवढ्यात दारात खडावा वाजल्या. शांतम्मा खालच्या कोठीत धावली, गोठ्यातला वासा त्या टोकांखाली उभा केला, बुडाशी ज्वारीचं पोतं रेटलं अन् वासा खांद्यानं दाबून धरला. वर अय्या बसले. लाकूड करकरलं, पण खाली आलं नाही.

जावेच्या काकणांची किणकिण ऐकत तिचा जीव जळतच होता. अय्यांनी विचारलं, धाकटी कुठाय? गिरिजाबाई म्हणाली, बसली असंल रुसून कुठंतरी. हे ऐकूनही वासा सोडता येईना. एवढ्यात पाय धुतलेलं पाणी ताटातून सांडलं अन् फटीतून तिच्या कपाळावर टपटपलं. जावेच्या घरचं तीर्थ. पुसावं की घ्यावं? हात मोकळे न्हाईत, अशी तिनं स्वतःची समजूत घातली अन् पाणी ओठापर्यंत ओघळू दिलं.