सहा फुटांची ढेळज

घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा, आणि त्यातलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत. शुक्रवार पेठेतलं आमचं घर पाडून नवं बांधताना रस्त्याचं दार आणि घराचं दार यांच्यामधली ढेळज मीच उडवली. सहा फुटांची अंधारी खोली, एक दगडी बाक, बस्स. "जागा वाया जाते," असं गिऱ्हाइकांना सांगतो तसंच वडिलांना, आप्पांनाही ठणकावून सांगितलं. हॉल ऐसपैस झाला.

पूर्वी आमच्याकडे उन्हातून आलेला माणूस तडक आत येत नसे. ढेळजेत टेकायचं, घाम जिरू द्यायचा, दिपलेले डोळे निवू द्यायचे. मग आतून आई म्हणायची, "या की आता." आप्पा जन्मभर असेच घरात आले. आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

नव्या घरात मात्र ते दाराच्या आत पाऊल टाकून थबकायचे. हल्ली त्यांना विसरायलाही होत होतं. "चुकलं वाटतं," असं पुटपुटत मागं फिरायचे. आधी मला हसू यायचं, मग संताप. एकदा दंड धरून सोफ्यावर बसवलं नि ओरडलो, "आप्पा, आपलंच घर हाय हे!" त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि पाहुण्यासारखी मान डोलावली.

तेव्हापासून मला त्या हॉलची भीती वाटू लागली. भर दुपारी दाराजवळच्या सहा फुटांत कुणीतरी बसून आहे असं वाटायचं. माझ्याच घरात मी तेवढी जागा टाळून, भिंतीकडेनं जायचो.

वैशाखात एका दुपारी आप्पा परतलेच नाहीत. दोन तास गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी समोरच्या घरातल्या चाचींनी हाक मारली. त्यांच्याकडं ढेळज अजून आहे, दाराला पडदा लावलेली.

"हितंच हैत की. रोज येऊन बसतात. आमी पानी देतो."

आप्पा बाकावर बसले होते, अगदी निवांत. मी जवळ गेलो, तसे सरकून त्यांनी मला जागा दिली.

"तुमचं घर कुटं?"

मी पडदा बाजूला करून समोर बोट दाखवलं.

"तितं कोन न्हाय हो," ते म्हणाले. "मी रोज आत जाऊन बघून येतो."