सरांची अकरा वर्षं आणि एक गुरुवार

उद्धवराव सरांइतका लोकशाहीचा भक्त आमच्या पिंपळे सौदागरात दुसरा नाही. लोकशाही झिजू नये म्हणून सोसायटीचे चेअरमन झाल्यापासून अकरा वर्षं त्यांनी ती वापरलीच नाही. सर्वसाधारण सभा नाही, निवडणूक नाही. "लोक उगाच भांडतात हो," म्हणून सगळा कारभार एकट्याच्या डोक्यावर. गच्चीला कुलूप, किल्ल्यांचा जुडगा सरांच्या कमरेला. गच्चीत पापड घातले की दंड. पहिला दंड स्वतःच्या बायकोला, इंद्रायणीबाईंना. न्याय म्हणजे न्याय!

सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. इंग्लंडचा पहिला चार्ल्स हा त्यांचा हुकमी धडा. सोसायटीतल्या पोरांना ते फुकट शिकवायचे, अगदी जीव ओतून. "सोळाशे एकोणतीस! राजा पार्लमेंट बरखास्त करतो! अकरा वर्षं एकटा राज्य करतो! अरे, प्रजेला विचारायला नको?" सर टेबलावर मूठ आपटायचे. कमरेच्या किल्ल्या तेवढ्या खुळखुळायच्या.

चार्ल्सला स्कॉटलंडची लढाई नडली, पैशासाठी पार्लमेंट बोलवावंच लागलं; सरांना नडली लिफ्ट. बंद पडलेली लिफ्ट बघून बरकतभाई मेकॅनिक म्हणाला, "सर, दुरुस्ती कसली, हिला आता माती द्या." नवी घ्यायची तर सभेचा ठराव हवा. आणि सरांचं घर सातव्या मजल्यावर, इंद्रायणीबाईंचे गुडघे गेलेले. बाई घरात अडकल्या.

"मला देहूला बहिणीकडं जायचंय," त्या म्हणाल्या. "सभा बोलवा, नाहीतर माझा इथंच पुतळा करा."

सरांनी शक्कल काढली. पुरेसे सभासद आले नाहीत, तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग जमतील तेवढ्यांत ठराव होतो. म्हणजे लोक कामावर असताना सभा घ्यायची. लिफ्टही मिळेल, खुर्चीही राहील. सरांनी नोटीस लावली : गुरुवार, दुपारी तीन.

आमच्याकडच्या कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरांना ठाऊक व्हायला प्रजेशी कधीतरी बोलावं लागलं असतं.

तीनला पार्किंगमध्ये उभं राहायला जागा नव्हती. चाकणच्या प्लांटमध्ये कामाला असलेला आमचा सभासद भीमराज आणि त्याचे तीन दोस्त इंद्रायणीबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीसकट सात मजले उतरवून घेऊन आले. पालखीतून आल्यासारख्या बाई खुशीत होत्या.

लिफ्टचा ठराव एका आवाजात मंजूर. सर लगबगीनं उठले, "सभा संपली!"

"बसा सर," भीमराज म्हणाला. "चार्ल्सच्या पार्लमेंटनं काय कायदा केला होता? सभेच्या मर्जीशिवाय सभा उठणार नाही. माझ्या पोराला तुम्हीच शिकवलंय."

"भीमराज, ते इंग्लंड होतं!"

"आणि पुढं राजाच्या मुंडक्याचं काय झालं, तेही पोरानं सांगितलंय."

सरांचा हात आपसूक गळ्याकडे गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "घाबरू नका राव, आपल्याला फक्त चेअरमन बदलायचाय."

पहिला मुद्दा इंद्रायणीबाईंनीच मांडला. "गच्चीच्या किल्ल्या टेबलावर ठेवा. आणि माझ्या पापडांचा दंड माफ करा."

सरांनी बायकोकडे पाहिलं. मग कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला.

संध्याकाळी नवा चेअरमन भीमराज बाईंची खुर्ची परत सातव्या मजल्यावर चढवत होता. मागून उद्धवराव सर येत होते, धापा टाकत, बायकोच्या चपला हातात घेऊन.

"सावकाश रे," ते म्हणाले, "तिला धक्का लागेल."

अकरा वर्षांतला सरांचा हा पहिलाच हुकूम, जो सगळ्यांनी आनंदानं पाळला.