मागच्या बाकांचा ट्रे

रूथ, नोएल,

येत्या ईस्टरला रूथचं दृढीकरण आहे, असं तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं. म्हणजे त्या दिवशी ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेईल, भाकर आणि द्राक्षरस. त्याआधी तुम्हा दोघांना एक गोष्ट माहीत असायला हवी, म्हणून आज लिहायला बसले आहे. आजी मोठ्या मंदिरात, तुमच्या भाषेत चर्चमध्ये, का जात नाही, असं तुम्ही दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी गुडघ्यांचं नाव सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे. कारण ते नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण यातली माणसं माझ्याशी इंग्रजीत बोलली नाहीत.

मी अकरा वर्षांची होते, मिशनच्या बोर्डिंगमध्ये. माझी आई एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची, माडिया आदिवासी. बाप्तिस्मा घेऊन ती इकडे आली आणि मिशनच्या हॉस्पिटलात झाडलोट करायला लागली. तो ईस्टरचा दिवस होता. तेव्हा चांदीचा एकच प्याला असायचा. लोक वेदीसमोर ओळीने गुडघे टेकायचे आणि पाळकसाहेब प्रत्येकाच्या ओठांना तोच प्याला लावत पुढे सरकायचे. आई पांढरं लुगडं नेसून पहिल्याच ओळीत जाऊन टेकली. मंदिराच्या कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने तिच्या खांद्याला गीतांच्या पुस्तकाने टोचलं. हाताने नाही. पुस्तकाने.

"ए बाई, ऊठ. आधी मंडळीचे लोक. तुमचं शेवटी."

आई उठली. चूक तिचीच झाल्यासारखी हसली. शेवटच्या ओळीत हॉस्पिटलच्या आया, धोबीण आणि जंगलातल्या गावांतून चालत आलेल्या बाया होत्या. त्यांच्यात ती टेकली. प्याल्यात उरलेला रस पाळकसाहेबांनी स्वतः प्यायचा, अशी रीत होती. त्या दिवशी त्यांनी तो मागच्या दाराने नेला आणि कडुनिंबाच्या मुळाशी ओतला. मी पाहिलं.

"तुमी पिल्यावर त्यायनं काऊन फेकलं?" मी आईला विचारलं.

"चूप राय," ती म्हणाली. "तुले शिकाचं हाय ना?"

मी चूप राहिले. शिकले. नर्स झाले, पुढे मेट्रन झाले. इंग्रजीत रिपोर्ट लिहू लागले. तुमचे आजोबा जुन्या मिशन घराण्यातले, शाळेत शिक्षक. त्यांच्या घरच्यांचा दुसरा बाक ठरलेला होता. लग्नानंतर तो माझा झाला. आई मरेपर्यंत शेवटच्या ओळीतच टेकत राहिली. माझा प्याला आधी व्हायचा. मी परत येऊन बाकावर बसायची आणि डोळे मिटायची. लोकांना वाटायचं, प्रार्थना चालली आहे. आई ओळीत जाताना दिसू नये म्हणून मी ते मिटायची.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

मग करोना आला. एक प्याला बंद झाला आणि छोटे छोटे काचेचे पेले आले. मला बरं वाटलं. ओळच गेली, आता शेवटी कोण हा प्रश्नच नाही. पण पेले आले साठ आणि माणसं होती दीडशे. उरलेल्यांसाठी कागदी पेले आणले. काच कुणाला आणि कागद कुणाला, हे कुणी बोललं नाही. बोलावं लागलं नाही. महिला मंडळाची चिटणीस म्हणून ट्रे मी लावायची. गोंधळ नको म्हणून मी चिकटपट्टीवर निळ्या पेनाने लिहिलं: पुढचे बाक. मागचे बाक. वॉर्डात औषधांच्या ट्रेवर लिहायची, तसंच. वर्षभर मी हे केलं. नीट केलं.

मंगली नावाची एक बाई रविवारी तिच्या गावाहून काळ्या-पिवळ्या जीपने यायची. जंगलाकडचं गाव, इथून तासाभराचं. भक्तीची सभा झाली की ती आणि तिच्यासोबतच्या दोघी मंदिरामागच्या खोलीत पेले धुवायच्या. ते कामही मीच लावून दिलं होतं. एका रविवारी पेला विसळता विसळता ती म्हणाली, "बाई, एक इचारू? रागावसान नाई ना?"

"विचार."

"आमच्या तोंडचे पेले तुमी फेकता. तुमच्या तोंडचे आमी धुतो. हे कोनत्या पुस्तकात लिवलं हाय?"

सोबतच्या दोघी खुसुखुसु हसल्या. एक म्हणाली, "मेट्रनबाईले इंग्रजी पुस्तकात गावलं असंन." मंगलीही हसली. त्यांच्यासाठी ती थट्टा होती. मला बसायला जागा हवी होती. मी पेल्यांच्या पेटीवर बसले.

पुढच्या कमिटीत मी म्हटलं, सगळ्यांना एकच ट्रे असू द्या.

"काचेचे कमी आहेत, मॅडम," सेक्रेटरी म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ.

"मग सगळ्यांनाच कागदी देऊ."

"ज्येष्ठ मंडळींना कागदात प्रभुभोजन? शोभतं का ते?"

मी म्हटलं, मागच्या बाकांना शोभतं, मग पुढच्यांना का नाही? त्यांनी समोरची वही मिटली. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या आई कुठे टेकायच्या ते आम्ही विसरलेलो नाही, मॅडम. तरी तुम्हाला पुढे बसवलं ना? मग आता हे कशाला?"

कुणीतरी हळूच म्हणालं, "रक्त कुठे जातं?"

साठ वर्षं. साठ वर्षं त्यांच्या डोक्यात मी दुसऱ्या बाकावर बसलेली नव्हते. बसवलेली होते.

आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, चांगले आहेत. ते म्हणाले, "आपण ऐक्य राखू या. मनात भेद नसला म्हणजे झालं. ट्रेचं एवढं काय?" आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मनात भेद नाही, हेच तर मी डोळे मिटून स्वतःला सांगत आले होते. देवाला मन द्यायचं, आणि हात, पाय, बाक, पेला हे सगळं माणसांच्या सोयीने ठेवायचं. या तडजोडीला मी भक्ती म्हणत होते.

पुढच्या प्रभुभोजनाला मी चिकटपट्ट्या काढून टाकल्या. कुणीतरी नव्या लावल्या. मी दुसऱ्या बाकावरून उठले आणि मागे मंगलीशेजारी जाऊन बसले. फार मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. कागदी पेल्यांचा ट्रे घेऊन कमिटीतले एक गृहस्थ आले.

"मॅडम, तुमचा पुढे आहे."

"मला इथलाच द्या."

त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. मग ट्रे माझ्यासमोरून मंगलीकडे गेला, मंगलीकडून पुढच्या बाईकडे. मला वगळून. मंगली पिऊन बसली आणि माझ्या कानाशी लागली, "जा ना बाई पुढं, घेऊन या. काऊन उपाशी राह्यता?"

मी गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रभुभोजनाविना मंदिरातून बाहेर आले. त्या दिवशी मला वाटलं, साठ वर्षांत हे एकदाच मी नीट केलं असेल.

आठवड्याने कमिटीचं पत्र आलं. मंडळीची शांती भंग केल्याबद्दल माझं सभासदत्व थांबवलं आहे. दोन ओळींची लेखी माफी दिल्यास पूर्ववत होईल. खाली एक ओळ वेगळी: दफनभूमीतील राखीव जागा केवळ सभासदांसाठी आहे. तुमच्या आजोबांच्या शेजारची जागा माझी आहे. म्हणजे होती. त्यांना मातीत ठेवलं तेव्हाच ती माझ्यासाठी मोजून ठेवली होती. दर शनिवारी मी तिथलं गवत काढते. पत्र हातात घेऊन मी किती वेळ बसले होते, ते लिहीत नाही.

तुमच्या बाबांनी फोन केला. "आई, दोन ओळी तर आहेत. सही करून टाक. देव मन बघतो."

"म्हणून तर सही करता येत नाही," मी म्हटलं.

त्यांच्यावर रागावू नका. लांब राहणाऱ्या मुलाला आईची शेवटची सोय लागलेली हवी असते.

आता मी रविवारी मंगलीच्या गावी जाते. तिच्या अंगणात बांबूच्या ताटव्यांचा मांडव आहे, त्याखाली बसतो. आरमोरीहून एक निवृत्त पाळक दोन महिन्यांतून एकदा एसटीने येतात, तेव्हा प्रभुभोजन होतं. भाकर चुलीवरची असते. जो जवळ बसला असेल त्याला आधी मिळतं. पहिल्यांदा मी सवयीने सगळ्यांना ओळीने बसवायला गेले. मंगली म्हणाली, "बसू द्या बाई, हे का तुमचं हास्पिटल हाय?"

मी दमले आहे. जीपमधून उतरताना दोन बाया धरतात. मंदिरातल्या मैत्रिणी बाजारात दिसल्या की भाजीकडे बघतात. मला त्या आठवतात, आणि ऑर्गनही आठवतो.

माझ्यानंतर कमिटी तुमच्या बाबांना एक कागद पाठवील. आईच्या वतीने माफी लिहून द्या, वडिलांच्या शेजारी जागा देतो. ते गोंधळतील, रडतील. तेव्हा त्यांना हे दाखवा. लिहून द्यायचं नाही. कुणीही नाही. मंगलीच्या नवऱ्याने शेताच्या कडेला जागा दाखवली आहे. पावसात तिथे चिखल होतो, गाडी जात नाही, तुम्हाला चालत यावं लागेल. तिथेच.

मांडवाखाली सात घरं येतात. मागच्या महिन्यात आठवं आलं होतं, ते टिकेल की नाही ठाऊक नाही. सात आहेत.

तुमची,
आजी