ऑइलपेंटात लिहिलेली नावं

तीस वर्षं ज्यानं सोलापूरच्या भिंतींवर रंग चढवला, तो इलाहीबक्ष पेंटर आता लोकांच्या घरचा रंग उतरवतो. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सनं गिळल्या तेव्हा बाकीच्या पेंटरांनी रिक्षा घेतल्या. आमच्या ह्या इलाहीबक्षचाचांनी लोखंडी पट्टी, रिमूव्हरचा डबा आणि पॉलिश पेपर घेतला. कुणाच्या सागवानी दारावर हौशी जावयानं गुलाबी रंग फासलेला असतो, कुणाच्या देव्हाऱ्याला सोनेरी. चाचा जातात आणि आतलं लाकूड जसंच्या तसं बाहेर काढून देतात. मी त्यांना चिडवायचो, "चाचा, आधी तुमीच लावायचा, मग तुमीच काढायचा! धंदा लई बेस हाय तुमचा." ते हसायचे. आता मी असलं काही बोलत नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला गेल्या फाल्गुनात कळलं.

लिहिण्याचं एकच काम त्यांच्या हातात उरलं होतं, लग्नघराच्या भिंतीवरचं. दाराच्या एका अंगाला गणपती, दुसऱ्या अंगाला नवरानवरीची नावं. ह्या कामाला कच्चा रंग वापरतात, डिंकात कालवलेला. दोन पावसाळ्यांत तो धुऊन जातो, आणि तसाच जायला हवा. आमच्या गल्लीत लग्नाची नावं कुणी हातानं पुसत नाही. पावसानं पुसली तर चालतं.

माझ्या समोरच्या घरात सिद्धराम आणि नागव्वा राहतात. त्यांचा एकुलता एक विरुपाक्ष लहानपणापासून चाचांच्या रंगाच्या डब्यांत बोटं बुडवत वाढला. चाचांना मूलबाळ नाही, त्यामुळे सगळे लाड ह्याचेच. त्याचं लग्न ठरलं तेव्हा नागव्वा म्हणाली, "भाऊ, नावं लई दिवस टिकू द्या." चाचांनी कच्चा रंग बाजूला ठेवला आणि ऑइलपेंट उघडला. वर विरुपाक्ष, खाली ऋतुजा, लाल अक्षरं, एकावर एक तीन हात. इतक्या वर्षांत त्यांनी ही चूक कधी केली नव्हती. पण तेव्हा ती चूक कुणाला वाटली? आम्ही सगळे चहाचे कप घेऊन बघत उभे होतो आणि वा वा करत होतो.

लग्नानंतर अकरा महिन्यांनी विरुपाक्ष हैदराबाद रोडवर दुचाकीवरून पडला आणि जागीच गेला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. अजूनही मला त्याचा राग येतो.

ऋतुजा तेवीस वर्षांची. दुधनीहून माहेरचे न्यायला आले, पण ती सासूला सोडून गेली नाही. दोन वर्षं दोघी एका ताटात जेवल्या. मग नागव्वाच एक दिवस म्हणाली, "पोरीचं लगीन मी करणार. सासू म्हणून न्हाय, आई म्हणून." तिनंच मंगळवेढ्याचं स्थळ शोधलं. मुलगा समजूतदार, घर चांगलं. रविवारी मंडळी बघायला येणार होती. आणि दाराशीच ती लाल नावं!

सिद्धरामनं आधी स्वतःच वरून डिस्टेंपर मारून पाहिला. ऑइलपेंटावर तो कुठला धरतोय? चार दिवसांत पोपडे गळाले आणि नावं पुन्हा वर आली. शेवटी चाचांना बोलवावं लागलं.

फाल्गुनातल्या त्या शुक्रवारी सकाळी चाचा आले आणि सामान खाली ठेवून भिंतीसमोर उभे राहिले. "कच्चा रंग वापरला असता तर आपोआप गेलं असतं," ते मला म्हणाले. "माझीच चूक हाय."

तेवढ्यात नागव्वा बाहेर आली. "भाऊ, पोरीचं नाव काढा. माझ्या लेकाचं राहू द्या."

"अगं, पाव्हणे काय म्हणतील?" सिद्धराम म्हणाला.

"काय म्हणायचं ते म्हणू द्यात. मी पोरगी देतेय. पोरगा न्हाय देत."

सिद्धराम आत निघून गेला.

चाचांनी खालच्या नावावर रिमूव्हर लावला. थोड्या वेळात रंग फुगला, त्याला सुरकुत्या पडल्या. मग पट्टी फिरू लागली. तो खरखर आवाज ऐकून ऋतुजा स्वयंपाकघरातून आली. हाताला पीठ तसंच होतं. ती चौकटीला टेकून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "चाचा, हळू काढा." चाचांनी हात हलका केला. अर्ध्या तासात तिचं नाव गेलं आणि खाली करडा गिलावा उघडा पडला. ऋतुजा तोंडाला पदर लावून आत पळाली.

नागव्वा भिंतीसमोर आली. वर विरुपाक्ष तेवढा लाल, खाली काहीच नाही. ती बघतच राहिली.

"एकटाच ऱ्हायला की ओ," ती म्हणाली. "एकट्याला जेवण सुदिक जात नव्हतं त्याला. मी समोर बसायची तवा घास उचलायचा."

तिनं खालच्या उघड्या गिलाव्यावर हात ठेवला.

"काढा, भाऊ. त्याचंबी काढा."

चाचांनी पट्टी उचलली, अक्षराला लावली आणि खाली घेतली. ते रडत होते. "वैनी, माज्यानं न्हाय व्हायचं. ह्याला मी खांद्यावर घेऊन फिरलोय."

नागव्वानं त्यांच्या हातातून पट्टी घेतली. तिला कुठलं जमायला? पहिल्याच फटक्याला गिलाव्याचा तुकडा निघाला. "जोर लावू नका," चाचा डोळे पुसत म्हणाले. "आडवी धरा. आधी रंग फुगू द्या." मग ते ब्रशनं एकेका अक्षरावर रिमूव्हर लावत गेले आणि ती आई मागून आपल्या लेकाचं नाव खरवडत गेली. मला बघवेना. मी घरात येऊन दार लावून घेतलं, तरी आवाज येतच होता.