सी मागवली, पांढरी चार निघाली

“सर, टीचर तुम्ही. मग टेस्टिंग ही बेन का करते?” जिग्नेशभाईंनी मला विचारलं.

काशीमीऱ्याच्या त्यांच्या गोडाऊनमध्ये बासऱ्यांचं पहिलं खोकं नुकतंच फोडलं होतं. जिग्नेशभाई वाद्यांचे होलसेलर. मी बेव्हर्ली पार्कात बासरीचा क्लास घेतो आणि नवशिक्यांसाठी स्वस्तातला माल आला की त्यांना तपासून देतो. हा माल परदेशी कंपनीचा; दिसायला शिसवी, पण होता प्लास्टिकचा. वर लाकडासारख्या रेघा छापलेल्या. मला प्लास्टिकचं वावडं नाही. बांबू तडकतो, प्लास्टिक बिचारं बॅगेत कसंही पडून राहतं.

“मी फुंकला तर नळाचा पाइपसुद्धा वाजेल,” मी म्हणालो. “ज्याला वाजवता येत नाही, त्याच्या हातात ही बोलली पाहिजे.”

आमच्या धंद्यात याला प्लेएबिलिटी म्हणतात. फुंकल्यावर आवाज पटकन येतो का, बोटं भोकांवर सहज पोचतात का आणि खालचा सूर टिकतो का, एवढंच बघायचं. त्यातला खालचा सूर सगळ्यात खट्याळ. तो काढायला सहाही भोकं बंद करावी लागतात, आणि एका बोटाखाली जरा फट राहिली तरी नुसती हवा येते.

टेस्टिंगला आणलेल्या बेन म्हणजे आमच्या क्लासच्या सावंतताई. रिटायर्ड नर्स, मूळच्या रत्नागिरीकडच्या, चणीने लहान आणि बोटंही लहान. क्लासमध्ये आम्ही सीची बासरी वापरतो. हार्मोनियमवाले त्याच सुराला पांढरी एक, म्हणजे पहिली पांढरी पट्टी, म्हणतात. ही बासरी लांब असते. ताईंची बोटं भोकांवर पुरायची नाहीत आणि त्यांच्या वाट्याला फक्त फुसफुस यायची. आदल्या दिवशी म्हणाल्या, “सर, पुढच्या महिन्यापासून मी येत नाही. माझ्याच्याने होत नाहीये ते.” मला फार वाईट वाटलं. क्लासला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालणारी बाई. म्हटलं, जाण्यापूर्वी माझं एक काम करा, आणि त्यांना रिक्षात घालून इथे आणलं.

ताईंनी बासरी ओठाला लावली. पहिल्यांदा हवा. दुसऱ्यांदा आवाज आला. मी म्हटलं, वरची तीन भोकं बंद करा. त्यांनी केली, आणि सा वाजला. मग रे. मग ग.

“सर, हे वाजतंय हो,” त्या म्हणाल्या.

खोकी उचलणारे दोघे हातातलं काम ठेवून बघत राहिले. खरं सांगतो, मला तिथेच नाचावंसं वाटलं.

मग मी खोक्यावर हार्मोनियम ठेवली. बासरीवर सी छापलं होतं, म्हणून पांढरी एक दाबून धरली आणि ताईंना सा वाजवायला सांगितला. पेटी एकीकडे, बासरी दुसरीकडे. दुसरी बासरी घेतली, तिसरी घेतली; सगळ्यांचं तेच. सा निघत होता पांढरी चारवर.

जिग्नेशभाईंचा चेहरा पडला. “सर, मी सी मंगवला. क्लासवाले सगळे सी मागतात. ये तो गलत माल आया.” त्यांनी फोन काढला. “टेम्पो बाहेरच उभा आहे. वापस भरून टाकतो.”

सावंतताई हातातल्या बासरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “एकदा वाजवून घेते, सर. मग ही काय, जाणारच.” आणि सहाही भोकं बंद करून त्यांनी हळूच फुंकलं.

माझं बोट परत पांढरी एकवर आलं होतं. ताईंचा खालचा सूर जाडजूड निघाला आणि पेटीच्या सुरात असा मिसळला की कुठला कोणाचा ते कळेना.

“जिग्नेशभाई, फोन ठेवा,” मी म्हणालो.

मला तेव्हा उलगडा झाला. आपण बासरीला नाव देतो ते तिच्या सा वरून, आणि आपला सा तीन भोकं बंद केल्यावर येतो. परदेशी बासरीला नाव देतात ते सहाही भोकं बंद केल्यावर येणाऱ्या सुरावरून. कंपनीने खरं तेच छापलं होतं. फक्त त्यांचा सी निराळा आणि आपला निराळा.

“मतलब माल सही आहे?”

“एकदम सही.”

“पण क्लासला आपलावाला सी पाहिजे ना?”

प्रश्न बरोबर होता. पण आपली सी लांब. ही आली आखूड, भोकं जवळजवळ, म्हणूनच ताईंची बोटं पोचली. मी म्हणालो, “नवशिक्यांना हीच द्या. सूर बदलायला तानपुऱ्याच्या ॲपवर एक बोट लागतं. बोटं लांब करायचं ॲप अजून आलेलं नाही.”

जिग्नेशभाईंनी स्वतः एक बासरी उचलली आणि गाल फुगवून फुंकू लागले. चार-पाच प्रयत्नांनी आवाज निघाला, तसे खुशीत बाहेर गेले आणि त्यांनी टेम्पो रिकामा पाठवून दिला.

आता त्या बासऱ्यांवर ‘पांढरी चार’ असं स्टिकर असतं. आमची नवशिक्यांची बॅच त्याच सुरावर चालते. सावंतताई क्लास सोडून गेल्या नाहीत; उलट क्लास सुटल्यावरही वाजवत बसतात, त्यांना थांबवावं लागतं.

आणि माल चुकीचा आलाय असं कोणी म्हणालं, की मी आधी विचारून घेतो, चुकीचा कोणासाठी?