उंबऱ्याच्या अलीकडे

ज्या घरात मुक्या जीवालाही मोकळा संचार असतो, तेच खरं घर. हे वाक्य माझं नाही. आमच्या इंटिरिअर डिझाइनरचं आहे, आणि ते उच्चारताना त्याने क्षणभर डोळे मिटले होते. तो बूट न काढताच आत आला होता, आणि आमचा मुका जीव त्याच्या बुटाची नाडी चघळत होता.

इंदिरानगरमधलं आमचं रो-हाउस जुनं झालं होतं आणि कुत्रा म्हातारा. त्याचे मागचे पाय आखडायला लागले होते. घराचं काम काढायचंच आहे तर ते कुत्र्याच्या सोयीने काढू, असं नवऱ्याच्या मनाने घेतलं. डिझाइनर हरखला. न घसरणारी करडी फरशी आली. जिन्याखाली कुत्र्याच्या बिछान्यासाठी सागवानी खण आला, हवा खेळती राहावी म्हणून त्याला पितळी जाळी. स्वयंपाकघराची भिंत गेली. म्हाताऱ्या पायांना अडखळायला नको म्हणून प्रत्येक दारातला उंबरा उखडला आणि सगळं घर एका पातळीत आलं.

"कुत्र्याला सागवानी कपाट," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझे कांदे कुठं ठेवायचे?"

"काकू, कांदे दिसले की लूक जातो."

"वास तर येणारच ना? त्याचं काय करणार आहात?"

इथे एक जुना करार सांगायला हवा. बारा वर्षांपूर्वी पिल्लू घरात आलं तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली होती: स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. ही अट त्यांनी आम्हाला नाही, थेट त्यालाच सांगितली. काळ्या दगडाच्या उंबऱ्यावर लाटणं आपटायचं आणि म्हणायचं, "मेल्या, इथवरच." पिल्लू शिकलं. पुढे रोज संध्याकाळी ते उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडायचं, नाक आत आणि पाय बाहेर. भाकऱ्या झाल्या की उरलेल्या पिठाची एक छोटी चानकी थापली जायची, ती त्याची. हा कायदा नाकाला लागू नाही असा अर्थ त्याने लावून घेतला होता, आणि सासूबाईंनी तो कधी खोडून काढला नाही.

काम चाललं तोवर आम्ही जवळच भाड्याने राहिलो. परत आलो त्या दिवशी कुत्रा पुढच्या दारातून आत शिरला आणि पायपुसण्यावर थांबला. पुढे येईना. नवऱ्याने बिस्किट दाखवलं. तो थोडा पुढे आला, जमिनीकडे पाहिलं आणि परत पायपुसण्यावर जाऊन बसला. उचलून सागवानी खणात ठेवलं तर थरथरायला लागला. घरभर मोकळा संचार होता आणि कुत्र्याने आपल्यापुरती संचारबंदी लावून घेतली होती.

सुरुवातीला आम्ही हसलो. मग तो खाईना. पाणी पायपुसण्यापर्यंत नेलं तरच प्यायचा. अंग पुसताना फासळ्या हाताला लागायला लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं. आजार काही सापडला नाही. "वय झालंय," ते म्हणाले. "असाच उपाशी राहिला तर फार दिवस निघणार नाहीत. मनाची तयारी ठेवा." हे त्यांनी डोळे न मिटता सांगितलं, म्हणून मला ते खरं वाटलं.

घरात बोलणं कमी झालं. नवरा दाराशी फरशीवर बसून हाताने दहीभात भरवू पाहायचा. मी एकदा म्हटलं, "रंगाचा वास सहन होत नसेल त्याला."

"मग काय, भिंती खरवडू?" तो ओरडला. ओरडल्यावर कुत्र्याची माफी मागितली, माझी नाही.

डिझाइनरला फोन केला. कुत्र्याला स्पेसशी नातं जोडायला वेळ द्या, असं त्याने सांगितलं. नेमका तेवढाच आमच्याकडे नव्हता.

सासूबाईंचंही त्या स्वयंपाकघरात बस्तान बसलं नव्हतं. भिंत नसल्यामुळे त्यांचं भाकरी थापणं सोफ्यावरून दिसायचं. "हॉलमध्ये नाटक लावल्यासारखं वाटतं गं," त्या म्हणायच्या आणि रोज भात लावायच्या.

एका संध्याकाळी त्या मेथी निवडायला बसल्या. नव्या घरात उंच स्टुलं होती, खाली बसायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी देवघरातला पाट आणला आणि पूर्वी जिथं स्वयंपाकघराचं दार होतं तिथं, उजेडात, टाकला. मेथी निवडून झाली. त्या उठल्या, पाट तसाच आडवा राहिला. मेथीबरोबर भात कसा द्यायचा म्हणून त्यांनी भाकरीसाठी तवा ठेवला.

नखांचा आवाज आला. कुत्रा पायपुसण्यावरून उठला होता आणि मागचे पाय ओढत हॉल ओलांडून येत होता. पाटाशी थांबला. पाट हुंगला. मग हळूहळू खाली बसला आणि पाटावर हनुवटी टेकली. नाक आत, पाय बाहेर.

सासूबाईंनी वळून पाहिलं.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "कुठवर यायचं तेच कळत नव्हतं याला."

मग पाठ करून उभ्या राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी ती उलटली नाही. नंतर चानकी थापली, भाजली, निवू दिली आणि पाटाच्या पलीकडे, त्याच्या बाजूला टाकली. "मेल्या, इथवरच," म्हणाल्या. कुत्र्याने थोडी खाल्ली, दम घेतला, उरलेली खाल्ली. नवरा उठून बाहेर गेला आणि गाडी पुसत बसला. गाडी सकाळीच पुसून झाली होती.

मग गवंडी बोलावून आम्ही तिथे पुन्हा काळ्या दगडाचा उंबरा बसवला. बाजूला भिंत नाही, वर चौकट नाही, नुसता उंबरा. पाहुणे अडखळतात. डिझाइनर फोटो काढायला आला तेव्हा हे तेवढ्यापुरतं हलवता येईल का, असं विचारत होता.

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "तुमचा मोकळा संचार त्या बाजूने करा."

कुत्र्याचे पाय काही सुधारले नाहीत. डॉक्टरांचं वाक्यही घरातून गेलेलं नाही. संध्याकाळी नखांचा आवाज येईपर्यंत आमच्याकडे कुणी टीव्ही लावत नाही. रात्री झोपतोही तो उंबऱ्याशीच. सागवानी खणात आता कांदे असतात. पितळी जाळीमुळे हवा खेळती राहते आणि ते टिकतात.