सांधा पक्का होईपर्यंत

नवरा चाकणला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होता. श्रावणात सकाळच्या शिफ्टला जाताना कंपनीच्या बसमध्येच हार्ट अटॅकने गेला. दसऱ्याला दीर बीडहून येऊन सासूबाईंना घेऊन जातील, हे तेराव्यालाच ठरलं. मी हो म्हटलं. तेव्हा कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणत होते. नातेवाइकांना वाटलं, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होते.

रावेतच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच उरलो. एकदा भाजी निवडताना सासूबाईंनी विचारलं, "पोरगा गेला. आता मी हितं कुणाची म्हणून ऱ्हाऊ?" मी गॅस बारीक केला आणि डबा भरायला घेतला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

माझी नोकरी निघोज्याजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. काम दोन प्रथिनं एकमेकांना जोडायचं, तेही नेमक्या ठिकाणी. प्रथिनावर चिकटण्याजोग्या जागा ढीगभर असतात. कुठेही जोडलं तर नुसता गुंता होतो. म्हणून दोन्हींवर गंधकाची एकेकच मोकळी जागा ठेवायची आणि मधे दोन टोकांचा एक छोटा रेणू घालायचा. जोड लवकर लागते, पण कच्ची असते. दुसरं गंधक जवळ आलं की सुटू शकते. मग किंचित अल्कधर्मी द्रावणात ते रात्रभर उबेच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये ठेवलं की मधल्या रेणूतलं कडं उघडतं आणि सांधा पक्का होतो. यात माझी हुशारी फार नाही. ऊब द्यायची आणि हात लावायचा नाही.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांची पूजा होते, प्रयोगशाळाही मागे नाही. यंत्रं पुसून बंद करायची, झेंडू वाहायचा आणि दसरा उलटेपर्यंत बटण दाबायचं नाही. दरवर्षी मी तिथे उभी राहून माझी उबेची पेटी तेवढी चालू ठेवायला लावते. यंदा वर्षाच्या आत सण नको म्हणून मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. नळ्या आत असतानाच सगळ्यांनी मोठ्या भक्तिभावाने पेटी बंद केली.

दसऱ्याला दीर आले. निघायचं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर होतं. त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी कामावर गेले. पेटी गार, दारावर कुंकवाची बोटं. थोडंसं द्रावण बाजूला काढून त्यात दुसरं गंधक घालून तपासलं, तर निम्मी जोड सुटत होती. सहकारी ओशाळून म्हणाला, टाकून देऊ, नव्याने करू. मी नळी उजेडात धरली. द्रावण स्वच्छ होतं. बिघडलं काहीच नव्हतं, अर्धवट राहिलं होतं एवढंच. मी पेटी चालू केली.

आणि तिथेच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला भीती वाटली. घरी बॅग भरून झाली असेल. मी अर्धा दिवस रजा टाकून निघाले.

दीर खाली गाडीपाशी होते. सासूबाई बॅगेची चेन लावत होत्या. वरच टॉवेलात गुंडाळलेला नवऱ्याचा मापं घ्यायचा व्हर्निअर होता. एरवी खंडेनवमीला त्या त्याला हळदकुंकू वाहत; यंदा नुसता पुसून ठेवला होता.

मी चप्पलही न काढता म्हटलं, "माझी."

त्यांना कळलं नाही.

"तुम्ही विचारलं होतं ना, कुणाची म्हणून राहू? माझी म्हणून राहा, आई. मला एकटीला नाही जमणार."

त्या कितीतरी वेळ चेन मागेपुढे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग इतके दिवस बोलली का न्हाईस? मी रोज वाट बघत व्हते."

त्यांनी व्हर्निअर बाहेर काढून कपाटात ठेवला. मी दारातच खाली बसले आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा रडले.